रायफलीची परीक्षा आणि काडतुसाचा हिशेब

१ मे १९५७ रोजी अमेरिकेच्या लष्करखात्याने एक निर्णय जाहीर केला. दुसरे महायुद्ध संपल्यापासून चाललेल्या चाचण्या, समित्यांच्या बैठका, अहवाल आणि त्यांवरचे प्रतिअहवाल यांच्या जंजाळातून अखेरच्या विचारासाठी दोनच रायफली उरल्या होत्या. एक होती स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत घडविलेली टी-४४. दुसरी होती बेल्जियममधील एर्स्टाल गावच्या एफ.एन. कंपनीत दियुदोने सेव्ह या कल्पक अभियंत्याने रचलेली, जगाला 'फाल' या नावाने परिचित असलेली रायफल, जिला अमेरिकन दप्तरात टी-४८ हा क्रमांक मिळाला होता. दोन्ही एकच काडतूस झाडीत, दोहोंच्या मॅगझीनमध्ये वीस काडतुसे मावत, दोन्ही नळीतून काढून घेतलेल्या वायूच्या दाबावर चालत, आणि दोन्ही युद्धोपयोगी असल्याचा निर्वाळा परीक्षकांनी दिलेला होता. निवड टी-४४ ची झाली, एम-१४ असे तिचे नामकरण झाले, आणि दोन जवळजवळ सारख्या वस्तूंतून एक पत्करताना सरकार नावाची संस्था कशी वागते याचे एक नमुनेदार उदाहरण इतिहासाच्या दप्तरी दाखल झाले.

या निवडीची कारणे म्हणून जी सांगण्यात आली ती वरकरणी अगदी समंजस होती. टी-४४ बेल्जियमच्या रायफलीपेक्षा जवळजवळ अर्ध्या किलोने हलकी होती, तिच्यात सुटे भाग कमी होते, आणि महायुद्धात लक्षावधींच्या संख्येने निघालेल्या गॅरंड रायफलीच्याच कुळातली असल्यामुळे जुन्या यंत्रसामग्रीवर ती फारशा नव्या खर्चाशिवाय तयार करता येईल, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. पहिली दोन कारणे खरी होती. तिसरे, ज्याच्यावर सरकारी तिजोरीची सगळी भिस्त होती, ते प्रत्यक्षात पोकळ निघाले. जुनी यंत्रे नव्या रायफलीच्या फारशी उपयोगी पडली नाहीत, उत्पादन रखडले, एका कंत्राटदाराच्या मालात चुकीचे पोलाद वापरले गेल्याने १९६० साली काही रायफलींचे मुख्य भाग झाडताना तडकले, आणि १९६३ च्या आरंभी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी सुमारे १३ लाख ८० हजार नगांवर हे उत्पादन थांबविले. एकाच रायफलीने कार्बाइन, सबमशीनगन आणि हलकी मशीनगन या सर्वांची जागा घ्यावी, ही अपेक्षाही फसली. सलग झाडताना ती आवरत नसे, म्हणून बहुतेक सैनिकांना ती सलग माऱ्याची कळ कुलूपबंद करूनच देण्यात आली, म्हणजे व्यवहारात ती साधी अर्धस्वयंचलित रायफलच राहिली.

वस्तुतः १९५२ सालच्या चाचण्यांत पायदळाच्या परीक्षकांचा कौल बेल्जियमच्या रायफलीकडे झुकलेला होता. पुढे हिवाळ्यातली परीक्षा अलास्काच्या बर्फात व्हायची ठरली, आणि त्या परीक्षेसाठी स्प्रिंगफील्डच्या कारागिरांनी आपली रायफल आठवडेच्या आठवडे थंडीत राबवून, फेरफार करून, वंगणे बदलून सिद्ध केली. परदेशी प्रतिस्पर्धिनीला असली तालीम मिळाली नव्हती, आणि बर्फात ती अडखळली. शस्त्रशाळा लष्कराची, परीक्षक लष्कराचे आणि निर्णयही लष्कराचाच, अशा घरच्या मांडवात पाहुणी किती काळ टिकणार? येथे मी कोणावर लबाडीचा आरोप करीत नाही. दोन शस्त्रे गुणांनी तुल्यबळ असतील तर स्वदेशातले घ्यावे, हे कोणत्याही राष्ट्राचे रास्त कारण आहे आणि ते उजळ माथ्याने सांगता येण्याजोगे आहे. आक्षेप आहे तो एवढाच की, ते कारण तांत्रिक परीक्षेच्या गुणपत्रिकेआड लपविले गेले, आणि लपविलेल्या कारणाची कोणी उलटतपासणी करीत नाही. जुनी यंत्रे खरोखर चालतील काय, हा प्रश्न त्या गुणपत्रिकेत कोठेच नव्हता.

आपल्याकडे रायफलीची खरेदी हा नागरिकाने दुकानात उभे राहून करावयाचा सौदा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्याखालील नियमांनी सैनिकी काडतूस चालणारी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु म्हणूनच हा विषय वर्तमानपत्राच्या वाचकाचा ठरतो. कारण ही खरेदी त्याच्या नावाने, त्याच्या कराच्या पैशाने, आणि पुष्कळदा त्याच्याच मुलाच्या, भावाच्या किंवा पुतण्याच्या खांद्यावर लटकविण्यासाठी होत असते. सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत ज्या घरातून कोणी पलटणीत गेलेला नाही असे घर काही गावांत शोधावे लागते. त्या घरांना 'एसएलआर' म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की, अर्धस्वयंचलित रायफलीत दर गोळीला चाप एकदा ओढावा लागतो, परंतु रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत चढविणे ही कामे रायफल आपण होऊन करते. जुन्या थ्री-नॉट-थ्रीत ती हाताने, दर वेळी बोल्ट मागेपुढे करून करावी लागत.

सारख्या रायफलींतून एक निवडण्याचा प्रश्न अमेरिकेत त्याआधीही एकदा आला होता, आणि तो प्रसंग मला अधिक उद्बोधक वाटतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जॉन पेडरसन आणि जॉन गॅरंड हे दोन रचनाकार अर्धस्वयंचलित रायफलीच्या मागे लागले होते. पेडरसन नामांकित आणि प्रतिष्ठित. गॅरंड क्यूबेकमधील एका खेड्यात जन्मलेला, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत पगारावर राबणारा यंत्रज्ञ, ज्याने पुढे आपल्या शोधाबद्दल एक पैसाही स्वामित्वशुल्क घेतले नाही. पेडरसनने रायफलीबरोबर काडतूसही नवे आणले होते. पॉइंट २७६ मापाचे, प्रचलित पॉइंट ३० पेक्षा बारीक आणि हलके. त्याच्या रायफलीची रचना मात्र अशी होती की टरफल सुरळीत निघावे म्हणून प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. कारखान्यात हे शोभते. पण चिखलात लोळणाऱ्या सैनिकाच्या पट्ट्यातली मेण लावलेली काडतुसे ही कल्पना युद्धसामग्री खात्याच्या अधिकाऱ्यांच्या पचनी पडेना. गॅरंडनेही आपली रायफल त्याच बारीक काडतुसासाठी बेतली होती, आणि तिला मेण लागत नव्हते. नव्या काडतुसाचा मारा पुरेसा घातक आहे की नाही हे पाहण्यासाठी समितीने डुकरांवर आणि पुढे शेळ्यांवरही प्रयोग केले. एवढ्या सोपस्कारानंतर शिफारस झाली ती पॉइंट २७६ मधल्या गॅरंडची.

आणि १९३२ साली सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ती शिफारस फेटाळली. रायफलीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार काडतुसाबद्दल होती. पॉइंट ३० चा प्रचंड साठा गुदामांत पडून होता, त्या मापाच्या मशीनगनी पलटणींत होत्या, जगभर मंदीचा वणवा पेटलेला होता आणि लष्कराच्या अंदाजपत्रकाला कात्री लागत होती; अशा वेळी एका पलटणीत दोन मापांची काडतुसे वाहून नेण्याचा उपद्व्याप त्यांना मान्य नव्हता. गॅरंडने आपली रायफल पुन्हा जुन्या काडतुसासाठी बेतली, दहा काडतुसांची खेप आठावर आली, वजन चार किलोंच्या वर राहिले, आणि १९३६ च्या जानेवारीत ती एम-१ या नावाने स्वीकृत झाली. बारीक काडतूसच भविष्याचे होते, असे आज पुष्कळ जाणकार म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे; तरीही मी मॅकआर्थरच्या बाजूचा आहे. त्याने निर्णयाचे खरे कारण उघड सांगितले, ते कारण मोजता येण्यासारखे होते, आणि महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिकन शिपाई हा जगातला एकमेव असा शिपाई होता की ज्याच्या सैन्यात अर्धस्वयंचलित रायफल ही सर्वसाधारण शस्त्र म्हणून दिलेली होती. मागाहून मेल्विन जॉन्सन नावाच्या, मरीन कोअरच्या राखीव दलातील अधिकाऱ्याने गॅरंडच्या तोडीची रायफल पुढे आणली, आणि तिच्या बाजूने पत्रे व मंडळी बोलू लागली. तिची हलती नळी संगिनीचे वजन नीट सोसत नसे, हा तिचा दोष. पण दोष नसता तरी गॅरंडची यंत्रे तोवर बसून गेली होती, कारागीर तयार झाले होते, आणि चांगल्यासाठी चालू असलेले मोडण्याची ती वेळ नव्हती.

फालकडे परत येऊ. अमेरिकेने नाकारलेली ही रायफल पुढे नव्वदाहून अधिक देशांनी वापरली. कॅनडाने १९५५ मध्ये ती पत्करली, ब्रिटनने आपली स्वतःची ईएम-२ ही रायफल, आणि तिच्यासाठी सिद्ध केलेले मध्यम मापाचे काडतूस, अमेरिकेच्या आग्रहापुढे सोडून देऊन हीच घेतली. पण ब्रिटिशांनी तिचे आराखडे इंचांत उतरवून घेतले, मूळ बेल्जियन रायफल मिलिमीटरांत राहिली, आणि एका रायफलीच्या दोन बहिणी झाल्या ज्यांचे चेहरे सारखे पण पुष्कळ सुटे भाग जुळत नाहीत. मॅगझीनचेच पाहा. इंच-पद्धतीच्या मॅगझीनच्या पुढच्या बाजूस एक जाडसर कान आहे. तो मिलिमीटर-पद्धतीच्या रायफलीत शिरत नाही. उलट मिलिमीटर-पद्धतीचे मॅगझीन इंच-पद्धतीच्या रायफलीत कित्येकदा बसते, पण सैल राहते, डुगडुगते. १९८२ साली फॉकलंड बेटांवर ब्रिटिश आणि आर्जेन्टिनी सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली तेव्हा दोघांच्याही हातांत याच कुळाची रायफल होती. ब्रिटिशांची इंचांतली आणि केवळ अर्धस्वयंचलित, आर्जेन्टिन्यांची मिलिमीटरांतली आणि सलग झाडणारी. शत्रूची काडतुसे चालतील, मॅगझीन चालेलच असे नाही, असा तो मामला होता. दिसायला सारख्या दोन नमुन्यांतला खरा फरक जाहिरातीत किंवा वेधक आकड्यांत सापडत नाही, तो अशा कानाकोपऱ्यांत असतो.

आपल्या देशाने हा धडा एकदा चांगला गिरविला होता. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफा आणि लडाखच्या उंचीवर आपले जवान बोल्ट ओढून झाडावयाची थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते आणि समोरच्या चिनी पायदळाकडे अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती. त्या पराभवाची कारणे अनेक आणि याहून मोठी आहेत, रायफलीवर सगळा दोष लोटणे हा इतिहासावर अन्याय होईल. पण नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हा पायदळाच्या हातातले शस्त्र हा एक तातडीचा विषय होताच. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने दोन वाटांनी काम केले. एकीकडे फालच्या कुळातली '१-अ-१', म्हणजेच आपली एसएलआर, तयार होऊ लागली. दुसरीकडे, ती पुरेशा संख्येने हाती येईपर्यंत नड भागावी म्हणून, जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्याच घडणीची पण नव्या ७.६२ काडतुसाची २-अ ही बोल्ट-रायफल बनविण्यात आली. तिचाच पुढला नमुना २-अ-१. या दोहोंतला फरक मागच्या नेमपट्टीचा. पहिलीवर २००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले, दुसरीवर ८०० पर्यंतचेच, कारण दोन हजार मीटरवरच्या माणसावर साध्या डोळ्यांनी नेम धरणारा शिपाई कोणत्याच पलटणीत नसतो. खरेदीखात्यांनी हा छोटासा फेरफार आदर्श म्हणून समोर ठेवावा. जे वापरले जात नाही ते कोरायचे कशाला?

या सगळ्या व्यवहारातले शहाणपण असे की, प्रथम काडतूस ठरले आणि मग त्याच्याभोवती रायफली आल्या. नवी आणि नडीपुरती दोन्ही तेच काडतूस खात. मशीनगनही पुढे तेच खाऊ लागली. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना होताच. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला आणि छोट्या शस्त्रांची काडतुसे तेथूनही निघू लागली. आणि ईशापूरच्या एसएलआरच्या दस्त्याला जी पितळी-पोलादी टाच लावली ती जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या टाचेसारखीच, आतल्या झाकणीत तेलाची बाटली आणि नळी पुसण्याचा पुल-थ्रू ठेवण्याची सोय असलेली. म्हणजे वीस वर्षे नोकरी झालेल्या हवालदाराचा हात अंधारातही नेमका जेथे जायचा तेथेच जाई. अशा तपशिलाला परीक्षेत गुण नसतात. वायूचा दाब कमीजास्त करण्याची कडीही अशीच. जवान ती उघडी ठेवून गोळी झाडतो, बोल्ट पुरता मागे जात नाही. मग कडी थोडी थोडी बंद करीत तो अशा टप्प्यावर येतो की यंत्र पुरेपूर चालू लागते, आणि तेथून आणखी दोन खटके पुढे नेऊन थांबतो, धूळ साचेल तेव्हा उपयोगी पडावे म्हणून. हे शिकवायला उस्ताद लागतो. रायफल एका वर्षात विकत घेता येते, उस्ताद घेता येत नाहीत.

बैलाचे दात मोजून, शिंगे न्याहाळून, चालवून पाहून बाजारातून बैल आणावा आणि गोठ्यात वैरण कोणती आहे हे घरी आल्यावर पाहावे, असा व्यवहार आपल्याकडे एखादा शेतकरी करणार नाही. संरक्षणखात्याने मात्र गेल्या दीड दशकात तो केला आहे. एसएलआरच्या जागी पुण्याच्या पाषाणातील शस्त्रसंशोधन संस्थेने रचलेली 'इन्सास' आली, तिचे काडतूस ५.५६ मिलिमीटरचे. तिच्याविषयी तक्रारी झाल्या. काही योग्य, काही अवास्तव. मग २०११ मध्ये निविदा निघाली ती अशा रायफलीसाठी की जिची नळी बदलून दोन वेगवेगळी काडतुसे झाडता यावीत. दोन्हींपैकी कोणते हवे हे ठरविता येत नसल्याचीच ती कबुली होती, आणि चार वर्षांनी ती निविदा रद्द झाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग कंपनीकडून ७२,४०० रायफली तातडीच्या खरेदीच्या तजविजीखाली घेतल्या. २०२१ च्या डिसेंबरात रशियाशी करार होऊन अमेठी जिल्ह्यातील कोरव्याच्या कारखान्यात ६,०१,४२७ 'एके-२०३' बनविण्याचे ठरले, पाच हजार कोटी रुपयांच्या वर किंमत मोजून. २०२४ मध्ये सिगकडे आणखी ७३,००० रायफलींची मागणी नोंदविण्यात आली. तूर्त पायदळात तीन काडतुसे आहेत: इन्सासचे ५.५६, सिगचे ७.६२ आणि एकेचेही ७.६२. या शेवटच्या दोहोंचे माप कागदावर सारखे दिसते, पण एकाचे टरफल ५१ मिलिमीटर लांबीचे आणि दुसऱ्याचे ३९; एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. रात्रीच्या वेळी घाईने पेट्या उतरविणाऱ्या माणसाला हे आधी नीट शिकवावे लागेल.

लष्कराचे म्हणणे मला माहीत आहे आणि ते निराधार नाही. नियंत्रणरेषेवर, डोंगराच्या एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर मारा करायचा तर लांब पल्ल्याचे, जोरदार काडतूस हवे; ते सिगकडे आहे, आणि त्याच काडतुसावर आपल्या मशीनगनीही चालतात. उलट अंतर्गत बंदोबस्ताच्या कामात, घराघरांच्या झडतीत हलके, कमी धक्क्याचे आणि भरपूर वाहता येणारे काडतूस हवे. ते एकेकडे आहे, आणि ती रायफल आपल्या भूमीवर आपल्या कारागिरांच्या हातून घडते. काडतूस एका पारड्यात आणि कारखाना दुसऱ्यात, असा हा खरोखरीचा पेच आहे. ज्याला तो सोपा वाटतो त्याने विचार केलेला नाही.

तरीसुद्धा माझा कौल कारखान्याच्या बाजूने आहे. रायफलीचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते; एसएलआर आणि तिच्याही आधीची थ्री-नॉट-थ्री आपल्या पोलीस दलांत इतकी वर्षे टिकली की २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ ला सामोरे जाणाऱ्यांपैकी काहींच्या हाती ती थ्री-नॉट-थ्रीच होती. एवढ्या काळात बोल्ट झिजतात, स्प्रिंगा दमतात, नळ्या बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक सुट्या भागासाठी समुद्रापलीकडे पत्र लिहिणाऱ्या सैन्याला आज ना उद्या त्या पत्राचे उत्तर उशिरा येते. काडतूस तर आपण येथेच बनवू शकतो. खडकी-वरणगावने ते दाखवून दिलेले आहे. म्हणून सर्वसाधारण पायदळाची रायफल एकच असावी आणि ती कोरव्याची असावी, आलेल्या सिग रायफली ज्या पहाडी ठाण्यांवर त्यांची खरी गरज आहे तेथेच राहाव्यात, आणि त्यांच्यासाठी निराळे शिक्षण व निराळा सुटा माल वेगळ्या हिशेबात धरावा. सिगची पहिली खरेदी तातडीची होती, हे समजू शकते. दुसरी पाच वर्षांनी झाली. पाच वर्षे टिकणाऱ्या तातडीला मराठीत दिरंगाई म्हणतात. तिसऱ्या मागणीचा प्रस्ताव मंत्रालयाच्या मेजावर येईल तेव्हा, त्यासोबत वीस वर्षांच्या सुट्या भागांचा आणि काडतुसांचा खर्च लेखी मांडलेला नसेल, तर संरक्षणमंत्र्यांनी तो परत पाठवावा. आणि मांडलेला असेल, तर तो संसदेपुढे ठेवावा.